मापाड्याच्या सोळा मात्रा

चकलांब्याच्या भजनी मंडळात पखवाजाची जागा एकच, आणि त्या जागेवर धोंडीराम एकेचाळीस वर्षं बसत आलेला. जागा म्हणजे मारुतीच्या देवळात तिसऱ्या खांबाला टेकून सतरंजीची जी कड येते, तेवढीच. खांबाचा ऑइलपेंट तिथं दोन हात उंचीपर्यंत त्याच्या पाठीनं उडाला होता. गावानं देवळाला तीनदा रंग दिला, तीनदा त्यानं तो पाठीनं काढला. एखाद्याच्या नावावर सातबारा असावा तसा तो पट्टा त्याचा होता, फक्त तलाठ्याकडं नोंद नव्हती. आणि नोंद नसली की काय होतं, हे त्याला मागच्या डिसेंबरापासून कळायला लागलं.

बीडच्या जिल्हा भजन स्पर्धेत चकलांब्याचं मंडळ गाऊन-वाजवून थांबलं, तेव्हा परीक्षकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "पखवाजवाले, आता वाजवलात तो ताल कोणता?"

धोंडीराम म्हणाला, "आमच्या गावचा."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते चांगलं नसावं, कारण चकलांब्याचा चौथा नंबर आला आणि बक्षिसं तीनच होती. पहिला नंबर युसूफ वडगावचा. त्यांच्या पखवाजवाल्यानं, म्हाळूनं, तालाचं नाव सांगितलं, मात्रा सांगितल्या, आणि टाळ्या कुठं कुठं पडतात तेही न विचारता सांगून टाकलं.

आता हा म्हाळू अंगदचा मेव्हणा. अंगद म्हणजे मंडळाचा नवा अध्यक्ष. वय चौतीस, खत-बियाण्याचं दुकान, आणि पंचायत समितीवर डोळा. मंडळात तो काही वाजवत नसे. गजर झाला की टाळ्या मात्र सगळ्यांच्या आधी वाजवी. मे महिन्यात म्हाळू बहिणीकडं राहायला आणि दाजीच्या दुकानात कामाला आला, आणि श्रावणातल्या बैठकीत अंगद म्हणाला, "यंदा पखवाजावर परीक्षा पास झालेलाच माणूस बसंल. मी कुनाचं नाव घेत न्हाई."

गावात नाव घेतलं नाही की सगळे त्याच माणसाकडं बघतात. तसं सगळ्यांनी धोंडीरामतात्यांकडं बघितलं.

"तात्यांनी टाळ धरावा," अंगद पुढं म्हणाला. "टाळाला परीक्षा नसती."

मंडळाची मुख्य गाणारी रतनबाई, वय सत्तरच्या पुढं, पदर सारखा करत म्हणाली, "आन मला रं? मी दुसरी नापास हाय."

"तुमची गोष्ट येगळी, आत्या."

"कावून येगळी? तुला गानारी मेव्हणी न्हाई म्हनून?"

हसले सगळे, अंगदही हसला. पण हसून ठराव रद्द होत नसतो. धोंडीरामनं पायात चपला घातल्या. घरी येऊन त्यानं बायकोला, सत्यभामेला, एवढंच विचारलं की परीक्षा कुठं देतात. तिनं विचारलं, कसली. तो म्हणाला, वाजवायची. ती म्हणाली, "एकेचाळीस वर्सं पखवाजाला लावायची कणीक मी मळून देती, ती काय बिनपरीक्षेची गेली का?"

गेवराईला मुस्तकीमच्या पोरीचा, जिनतचा, क्लास होता. मुस्तकीम बाजार समितीच्या गेटासमोर मोसंबी विकायचा, आणि त्याच बाजार समितीत धोंडीरामनं अडतीस वर्षं मापाडी म्हणून काटा धरला होता. फळांच्या कॅरेटवर बसून केळं खाणारी जिनत त्यानं पाहिलेली. ती पुढं संभाजीनगरला जाऊन तबला शिकून, विशारद होऊन आली, आणि भाऊ फिरोजच्या पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत शिकवू लागली. खाली हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वर सगळे थांबत, बंद झाला की परत सुरू होत. त्यामुळं तिच्या विद्यार्थ्यांना आणि कशाची नाही तरी थांबण्याची तालीम उत्तम होती.

"जिनत, मला परीक्षेला बसायचंय," धोंडीराम म्हणाला.

"कुठल्या, मामा?"

"जी पैली आसंल ती."

"पखवाज तर तुमी माझ्या जन्माच्या आदीपास्नं वाजवता."

"वाजवता येतं गं. सांगता येत न्हाई."

तिनं फॉर्म काढला. त्यात पालकाच्या सहीची जागा होती. धोंडीरामचे वडील एकोणीसशे सत्त्याऐंशी साली वारलेले. दोघांनी थोडा विचार केला आणि धोंडीराम फॉर्म घरी घेऊन गेला. पालक म्हणून सत्यभामेनं सही केली. नात्याच्या रकान्यात तिनं काय लिहू असं विचारलं. तो म्हणाला, खरं तेच लिही.

पहिल्या रविवारी जिनतनं वहीत व्याख्या लिहून दिल्या. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. संगीत म्हणजे गायन, वादन आणि नृत्य या तिन्हींचा मेळ.

"यात नाच आला," धोंडीराम म्हणाला. "आमच्या मंडळात कुनी नाचत न्हाई."

"नका नाचू. लिहा फक्त."

त्यानं लिहिलं. पाठांतराला तो कच्चा नव्हता. तीनशे आडत्यांची आणि हजारभर शेतकऱ्यांची नावं ज्याच्या डोक्यात बसली, त्याला नाद, लय आणि मात्रा या तीन बायांची नावं लक्षात ठेवणं काय अवघड. अडलं ते पुढं, तालाला.

जिनतनं सांगितलं, "ताल गोल असतो, मामा. तीनतालाच्या सोळा मात्रा. पैल्या मात्रेला सम म्हंत्यात, तिथं टाळी. पाचव्याला टाळी. नवव्याला टाळी द्यायची न्हाई, हात नुसता बाजूला करायचा, ती खाली. तेराव्याला परत टाळी. आन सोळा झाले की फिरून एक. म्हना."

धोंडीरामनं हातावर हात घेतला आणि काट्यावर म्हणायचा तशा सुरात सुरू केलं, "लाभ, दोन, तीन, चार..."

पहिल्याला "लाभ" का, हे जिनतनं विचारलं नाही. बाजाराच्या गेटावर वाढलेल्या पोरीला ते ठाऊक होतं. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. तिनं तेवढं सोडून दिलं. टाळ्या बरोबर पडल्या, नवव्याला हात बाजूला गेला. मग धोंडीराम म्हणाला, "...चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा."

"सतरा न्हाई, मामा. फिरून पैली."

"बरं." परत सुरू. "...पंधरा, सोळा, सतरा."

तीन रविवार हेच. एकदा ती मुद्दाम मध्ये बोललीच नाही. तो चौसष्टपर्यंत गेला, आणि खाली कॉम्प्रेसर लागला म्हणून थांबला. एकही मात्रा पुढंमागं झाली नव्हती.

"इतकी सरळ लय माझ्या मोठ्या पोरांची बी न्हाई," जिनत म्हणाली. "पन हा ताल न्हाई, मामा. ही ट्रक भरनं चाललीय."

"वाजवायला लागलो की बरोबर फिरतंय."

"वाजवताना फिरतंय, मग म्हनताना कावून न्हाई?"

तेव्हा धोंडीरामनं सांगितलं. काट्यावर "लाभ" हा शब्द एका ढिगाला एकदाच. एका मालकाचा माल संपला, दुसऱ्याचा सुरू झाला, की मगच परत लाभ. तो शब्द ऐकला की आडत्याचा मुनीम मान वर न करता हिशेबाची नवी पट्टी घेतो. धोंडीरामच्या पहिल्याच वर्षी, दोन भावांच्या समाईक तुरीचा ढीग चालू असताना त्याला शिंक आली. शिंकेनंतर तो एकविसाव्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, चुकून लाभ म्हणून गेला. मुनिमानं नवी पट्टी घेतली. थोरल्यानं विचारलं, ही दुसरी पट्टी कुणाची. धाकटा म्हणाला, माझी समज. संध्याकाळपर्यंत दोघांनी तूर वाटून घेतली आणि पाडव्यापर्यंत रान.

"तवापास्नं ढीग सरल्याबिगर जीभ मागं येत न्हाई," धोंडीराम म्हणाला. "सोळा कट्ट्यांत कुनाचा ढीग सरतोय?"

जिनतनं थोडा वेळ तबल्यावर नुसतं बोट फिरवलं. मग म्हणाली, "मामा, सोळाचाच ढीग धरा. दर खेपेला नवा मालक."

"कोन?"

"कुनीबी."

"आसं कसं कुनीबी? मालक लागतो."

"बरं. पैला ढीग आमच्या अब्बांचा."

"मुस्तकीम मोसंबी इकतो. मोसंबी कट्ट्यात येत न्हाई."

"मामा, तुमाला पास व्हायचंय का न्हाई?"

धोंडीरामनं डोळे मिटले. मुस्तकीमच्या नावावर सोळा कट्टे बाजरी टाकली आणि मोजली. सोळावा उचलला, ढीग सरला, शेजारी शिरूरच्या एका ओळखीच्या माणसाची तूर उभी होती. "लाभ," तो म्हणाला, आणि टाळी समेवर पडली. पुढच्या खेपेला मादळमोहीचं सोयाबीन. जिनतनं त्याला सात आवर्तनं करू दिली. सातव्याला त्याच्या कपाळावर घाम होता. सोळा-सोळा कट्ट्यांचे सात शेतकरी एका दमात काढणं म्हणजे भर हंगामातही जास्तच.

नोव्हेंबरात बीडला एका शाळेत परीक्षा झाली. बाकं चौथीच्या पोरांच्या मापाची होती. धोंडीरामनं गुडघे बाहेर काढून लेखी पेपर दिला. त्याच्या एका बाजूला दहा वर्षांची मुलगी, दुसऱ्या बाजूला तिची बहीण. संगीत म्हणजे काय, या प्रश्नाला तिघांनी एकच उत्तर लिहिलं. दुपारी तोंडी. परीक्षक लातूरकडचे होते, म्हातारे, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. पखवाज वाजवून घेतला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि एकदा डोळेही मिटले. मग म्हणाले, "छान. आता तीनताल हातावर म्हणा, तीन आवर्तनं."

"लाभ, दोन, तीन..."

"थांबा. पहिल्या मात्रेला काय म्हणालात?"

"लाभ."

"एक म्हणा."

"एक म्हनायची पद्धत न्हाई, सायेब."

"कुठली पद्धत?"

"काट्याची. मी मापाडी व्हतो."

परीक्षकांनी खोलीभर नजर फिरवली. "इथं काटा नाही," ते म्हणाले. रागावले नव्हते, नुसती नोंद केल्यासारखं म्हणाले. "हे बघा, हात तुमचा चांगला आहे. पण मात्रा एकपासून मोजतात. या कागदावर मला लिहायचंय की उमेदवार मात्रा मोजतो. लाभ लिहायला रकाना नाही."

धोंडीराम हातावर हात ठेवून तसाच बसला. बाहेर व्हरांड्यात कुणाची तरी आई पोरीच्या वेण्या घालत होती. अडतीस वर्षांत लाखभर ढीग त्यानं काढले असतील, आणि एकाचीही सुरुवात त्यानं त्या आकड्यानं केली नव्हती. बापही मापाडीच, तोही तसाच मोजायचा. पहिलं माप माणसाचं नसतं, असं बाप म्हणे. कुणाचं असतं हे त्यानं सांगितलं नाही आणि यानंही विचारलं नाही. दुसऱ्या बाजूला सतरंजीची ती कड होती. तिच्यावर म्हाळू बसलेला त्याला दिसला, आणि हातात टाळ घेऊन मागच्या रांगेत स्वतः.

"एक," धोंडीराम म्हणाला.

क्षणभर थांबला. काही झालं नाही. व्हरांड्यातल्या बाईनं दुसरी वेणी घ्यायला सुरुवात केली.

"दोन, तीन," परीक्षकांनी आठवण करून दिली.

पहिलं आवर्तन असं अडखळत गेलं. दुसऱ्याला एक जरा सोपा गेला. तिसऱ्याला तर तो असा निघाला, की जणू जन्मभर तेच म्हणत आलेला. धोंडीरामला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी आल्यावर सत्यभामेनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "काय झालं?"

"एक म्हनलो."

ती ज्वारी निवडत बसली होती. हात थांबला. "कितींदा?"

"तीनदा."

"माल कुनाचा व्हता?"

"कुनाचाच न्हाई."

"मंग काय बिगडलं," ती म्हणाली, आणि सूप परत हलवू लागली.

बिघडलं ते वेगळंच. निकाल जानेवारीत लागणार होता आणि स्पर्धा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. रविवारी देवळात तालमीला सगळे जमले, तेव्हा अंगदनं हे तारखांचं गणित सगळ्यांसमोर मांडलं. म्हाळू पखवाज मांडीवर घेऊन तिसऱ्या खांबापाशी आधीच बसला होता. खांबाला टेकला मात्र नव्हता.

"परीक्षा दिली, मान्य," अंगद म्हणाला. "पन पास झाल्याचा कागुद कुठाय? यंदा म्हाळू बसंल. निकाल आला की फुडच्या साली बघू."

पुढचं साल म्हणजे काय, हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत होतं. रतनबाईनं टाळ खाली ठेवला.

"अंगद, तुजा ठराव परीक्षेचा हाय का कागदाचा?"

"परीक्षेचा, आत्या."

"मंग घे की परीक्षा. हितंच. दोघांचीबी घे."

"मी कशी घेऊ? मला त्यातलं..."

"अध्यक्ष हाईस ना?"

धोंडीरामनं पिशवीतून वही काढून अंगदपुढं ठेवली. "डाव्या पानावर सवाल हायेत," तो म्हणाला. "उजव्या पानावर जवाब. तुला तपासायला बरं."

आता माघार घ्यायला जागा नव्हती. अंगदनं वही घेतली. दहा प्रश्न ठरले. म्हाळूची परीक्षा सातवीत असताना झालेली. आता तो चोवीस वर्षांचा होता. हात त्याचा धोंडीरामपेक्षा मोकळा होता. हे धोंडीरामलाही मान्य होतं, फक्त त्याला ते कुणी विचारलं नव्हतं.

"लय म्हंजे काय?" अंगदनं वाचलं.

म्हाळूनं डोकं खाजवलं. "दाजी, ते तवा पाठ केलतं."

"झपतालाची खाली कितव्या मात्रेला?"

म्हाळूनं मांडीवर हळूच वाजवून बघितलं, परत वाजवून बघितलं. "येती तिथंच," तो म्हणाला.

"मागल्या साली तर धडाधडा सांगितलंस की रं."

"वडगावच्या सरांनी गाडीत घोकून घेतलतं. त्याच तालाचं. बाकीचं न्हाई."

मग धोंडीरामची पाळी. लय सांगितली. झपतालाची खाली सहावीला, हे सांगितलं, हात बाजूला करून दाखवलं. तीनतालाच्या टाळ्या सांगितल्या. मात्रा म्हणजे काय, या प्रश्नाला तो म्हणाला, "दोन कट्ट्यांमदलं सारखं अंतर."

अंगदनं उजव्या पानावर बोट ठेवलं. "हितं लिवलंय, लय मोजण्याचे परिमाण. चूक."

"चूक तर चूक," धोंडीराम म्हणाला.

शेवटी धोंडीरामला नऊ, म्हाळूला दोन. अंगदनं बेरीज परत केली. ती तेवढीच आली. त्यानं वही मिटली, तिच्यावरची नसलेली धूळ झटकली आणि म्हणाला, "मी म्हनलोच व्हतो, कुनाचं नाव घेत न्हाई. यंदा तात्या बसत्याल."

म्हाळू उठला. चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं फारसं दिसत नव्हतं. दाजीच्या आणि तात्यांच्या भांडणातल्या जागेवर बसण्यापेक्षा उठणंच त्याला सोपं गेलं असावं. पखवाज त्यानं दोन्ही हातांनी उचलून धोंडीरामपुढं ठेवला आणि टाळ घ्यायला मागच्या रांगेकडं निघाला.

"हितं बस, माझ्या उजव्या अंगाला," धोंडीराम म्हणाला.

म्हाळू बसला. धोंडीरामनं खांबाला पाठ लावली, डाव्या तोंडाची कणीक अंगठ्यानं दाबून सारखी केली, आणि मग मान जराशी कलती करून, फक्त म्हाळूला ऐकू जाईल एवढ्यानं बोलला.

"बीडात परीक्षकानं मधीच इचारलं, आता कितवी मात्रा, तर तू हळूच सांग. मला वाजवताना मोजायला जमत न्हाई. मोजलं की चुकतंय."

म्हाळूनं त्याच्याकडं बघितलं. "मलाबी न्हाई जमत, तात्या."

धोंडीरामनं पखवाज मांडीवर सरकवून घेतला.

"मंग वाजवून झाल्यावर मोजू," तो म्हणाला. "दोघं मिळून."

तोवर रतनबाईनं सूर लावला होता. थांबून राहण्यात अर्थ नव्हता. धोंडीरामनं हात टाकला.